न विसरणारा बोर्ड

ही गोष्ट खरी आहे.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, निदान एखादं चिंचेचं झाड तरी लागतं. इथं यातलं काहीच नाही. त्याला इलाज नाही. जे घडलं ते असंच घडलं... भर दुपारी, मे महिन्यात, परभणी जिल्ह्यातल्या पालममध्ये, बसस्टँडसमोरच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानात.

दुकान अजून आहे. हरिओम झेरॉक्स व ऑनलाईन सेवा केंद्र. पीकविमा, सातबारा, जातीचा दाखला, सगळं मिळतं. पेन्शनवाल्या माणसानं आपण अजून जिवंत आहोत हे सरकारला पटवायला दरवर्षी अंगठा लावायचा असतो, तोही इथंच लागतो. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं जाऊन हरिओमला विचारावं. तो काही सांगणार नाही. पण विचारल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तेवढं बघून यावं.

हे दुकान आधी त्याच्या थोरल्या भावाचं होतं. बालाजीचं. तेव्हा ते व्हिडिओ गेम पार्लर होतं. माणसाएवढी लाकडी खोकी, आत जाड काचेचा टीव्ही, खाली एक दांडी आणि बटणं. शाळा बुडवून आलेलं अर्धं पालम त्या बटणांवर तुटून पडायचं.

मग पोरांच्या खिशात मोबाईल आले. पार्लरमध्ये माशा आल्या. बालाजीनं मशिनी भंगारात घातल्या, झेरॉक्स आणली. एक मशीन मात्र ठेवली. मारामारीच्या गेमची, कोपऱ्यातली.

तिच्या लाकडी खोक्याला पुढून पत्रा मारलेला होता, त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंग ही गोष्ट आपल्याकडं देवावर सोडलेली असते. म्हणून बालाजीनं मशिनपुढं घरातला जेवायचा पाट आणून टाकला होता. त्यावर उभं राहून खेळायचं. पाय पाटावरून जमिनीवर गेला की मशीन आठवण करून द्यायची.

बालाजीनं लग्न केलं नाही. दोनदा मुलगी बघायला गेला होता. दोन्हीकडं, पोरगा काय करतो, असं विचारलं. दोन्हीकडं त्यानं खरं सांगितलं.

एकदा त्यानं मशिनची मागची फळी काढून हरिओमला बोर्ड दाखवला होता. एकावर एक बसवलेल्या दोन प्लास्टिकच्या पेट्या. खालची सगळ्या गेमना चालणारी, वरच्या पेटीत गेम. वरची उघडली तर हिरव्या बोर्डवर चिपांची वस्ती, आणि त्यात अंगठ्याच्या पेराएवढी एक बॅटरी.

"जपानी लोक लय बेरकी," बालाजी म्हणाला होता. "गेम कुलूप लावून भरलाय. त्याची किल्ली एका चिपच्या आठवणीत हाय. ही बॅटरी जिती हाय तवर त्या चिपला किल्ली आठवती. बॅटरी मेली की किल्ली इसरली. मग कितीबी लाईट दे, पडदा नुस्ता निळा."

"मग नवी बॅटरी टाकायची."

"आधीची जिती हाय तवरच, तिला दुसरी जोडून. मधी एक पापणी लवली तरी गेलं." फळी परत लावताना तो म्हणाला, "बोर्ड झोपला तर उठतो, हऱ्या. इसरला तर उठत न्हाई."

बालाजी गेला तो थंडीतल्या एका दुपारी. पाटावर उभ्याउभ्याच. डोकं बटणांवर टेकलेलं. गिऱ्हाइकांना वाटलं, डुलकी लागली. दोघा-तिघांनी आपापलं आधारकार्ड काउंटरवर ठेवून वाट बघितली.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला.

कावळे होते. झाडावर बक्कळ होते. येत नव्हते.

आसाराम मामांनी नेहमीचा मार्ग धरला. मेलेल्याची काय इच्छा राहिली असेल, ते ओळखून कबूल करायचं. "बालाजी, शेताच्या धुऱ्याची केस आमी मागं घेत न्हाई." कावळा हलला नाही. "तुझी गाडी इकत न्हाई." नाही. "तुझ्या मायला अंतर देत न्हाई." त्यावर तर एक कावळा उडून दुसऱ्याच कुणाच्या पिंडाला शिवला.

ऊन डोक्यावर आलं. मामांना साखरेचा त्रास, वेळेवर खायला लागायचं. लोक घड्याळं बघायला लागले. हरिओमला चक्कर यायच्या बेतात होती. तो हात जोडून म्हणाला, "दादा, तुझी मशीन बंद पडू देत न्हाई. माझा शब्द हाय..."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा आला.

एक नाही. सगळे.

लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि चपला शोधायला लागले. आपण काय कबूल केलं, यावर हरिओमनं तेव्हा विचार केला नाही. घाटावर कुणीच करत नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दुकान उघडलं की तो आधी मशीन चालू करायचा, उदबत्ती ओवाळायचा, मग झेरॉक्स. लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर जोडला. रात्री बंद केली तर शब्द मोडतो का, यावर मामांनी निकाल दिला, "झोप धरायची. माणूस बी झोपतोच की."

पहिली खूण म्हणजे काहीच न होणं.

मशीन पुसताना हरिओमचा पाय पाटाबाहेर, जमिनीवर होता. अनवाणी. हात खोक्याच्या पत्र्यावर. हे लक्षात आल्यावर त्यानं हात झटकला. मग थांबला. परत लावला...

झिणझिण्या नव्हत्या.

आयुष्यभर त्या मशिननं एवढी एक गोष्ट इमानदारीनं केली होती.

नंतर पडदा. कुणी खेळत नसलं की ही मशीन स्वतःशीच खेळते. दोन पहिलवान येतात, थोडी मारामारी करतात, जातात. गिऱ्हाईक ओढायची जाहिरात ती. त्या दुपारी दुकान रिकामं होतं. हरिओम कुणाच्या तरी पीकविम्यावर झोपी जायच्या बेतात होता. त्यानं सहज वर बघितलं.

उजवीकडचा पहिलवान मारत होता. डावीकडचा नुसता उभा होता. हात खाली सोडून.

मार खात होता. पडत नव्हता.

आणि त्यानं तोंड... काचेकडं केलं होतं.

बाहेर. पाटाकडं.

हरिओमनं झेरॉक्स बंद केली. पंखा बंद केला. का केला, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. आवाज यावा म्हणून की येऊ नये म्हणून.

काही आला नाही.

तेवढ्यात त्याची आई, कमलबाई, जेवणाचा डबा घेऊन आली. बालाजी असल्यापासूनचा तिचा हा नेम. डबा काउंटरवर ठेवून ती मशिनपुढच्या पाटावर बसायची, पाठ टेकायची, एक हात वर करून पत्र्यावर ठेवायची. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

"चालू हाय ना रं?" तिनं विचारलं.

"हाय, माय."

"मग बरं."

तिचा हात पत्र्यावर टेकला आणि पहिलवान बाजूला वळला. लढायला लागला. वाकून मार चुकवायचा, वाट बघायची, मग एकदाच उचलून आपटायचं. ही बालाजीची लढायची रीत पालमच्या एका पिढीला पाठ होती. त्यातले कित्येक त्या आपटण्यापायी नापास झाले होते.

आणि खाली, बटणांच्या फळीतून...

टक. टक टक. टक.

बटणांवर कुणाचा हात नव्हता.

आई उठली तेव्हा दारात थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हरी, आपलं घर कोन्या बाजूला रं?"

चाळीस वर्षं राहिलेलं घर. चौथी गल्ली.

राजेश्री, हरिओमची बायको, घरच्या बातम्या सांगायला लागली. सासूला ती आत्याबाई म्हणते. आत्याबाईंनी भाजीत मीठ टाकलं, परत टाकलं, अन् वाढताना म्हणाल्या अळणी झाली. आत्याबाईंनी दळणाचा डबा देवघरात ठेवला. आत्याबाईंना स्वतःच्या माहेरचं गाव आठवेना.

परभणीच्या डॉक्टरनं तपासलं. वय आहे, त्यात तरुण पोराचं दुःख. गोळ्या दिल्या. त्या घ्यायच्या आहेत, हे ती विसरायची.

हरिओमच्या मनात मशिनचं घोळत होतं. त्यानं सुगतला बोलावलं. सुगत त्याचा वर्गमित्र, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, नोकरीची वाट बघता बघता टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीत स्थिरावलेला. त्याला पहिलवानाचं सांगितलं तर तो हसला.

"या गेममधी पहिलवान बाजूनंच दिसतेत. म्होरं तोंड केलेलं चित्रच न्हाई चिपमधी. तुला उष्णता झालीय."

तरी त्यानं मागची फळी काढली, वरची पेटी उघडली. समोर गेम चालूच होता. मीटरच्या दोन सुया त्यानं बॅटरीला लावल्या.

आकड्याकडं बघत राहिला.

सुया काढल्या, पुसल्या, परत लावल्या. मग भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्याचा सेल मोजला. सेल ठीक होता. परत बॅटरी मोजली.

"हऱ्या, ही मेलेली हाय," तो हळू म्हणाला. "पार शून्य. लय दिवसाची मेलेली हाय."

"मग मशीन?"

"मशीनला कुणी कळवलं न्हाई वाटतं."

दोघं हसले. मग हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि दोघांनाही ते कुठं ठेवावं कळेना.

"सुगत, मग किल्ली ध्यानात कोण ठिवायलंय?"

सुगतनं पेटी बंद केली. एक स्क्रू बाहेर राहिला, तोही त्यानं शोधला नाही.

त्याच आठवड्यात कस्तुराबाई मावशी कमलबाईला चुडाव्याला, आपल्या गावी, घेऊन गेली. हवापालट. दोन दिवसांनी तिचा फोन. "हरी, तुमी उगं बेजार केलं. तिला समदं आठवायलंय. माझ्या लग्नात मी कामून रुसले व्हते, ते बी सांगायलीय."

इकडं मशीन फिकी पडत चालली.

आधी पहिलवानाच्या अंगाचा रंग गेला. मग आभाळ गेलं. मग अक्षरं तुटायला लागली. डावीकडचा पहिलवान काचेकडं तोंड करून उभा राहायचा... रोज थोडा जवळ. शेवटी पडद्यावर नुसता चेहरा उरला. नाकडोळे नसलेला, धुळीच्या रंगाचा.

हरिओमनं त्यावर टेबलक्लॉथ टाकला. गिऱ्हाइकांना म्हणाला, मशीन तापते.

कमलबाई परत आली ती एस.टी.तून उतरून थेट दुकानात. पिशवी खाली ठेवायच्या आधी हात पत्र्यावर.

टेबलक्लॉथच्या आडून रंग दिसायला लागले. तांबडा. हिरवा. पिवळा.

टक. टक टक...

ती वळली. काउंटरमागं बसलेल्या हरिओमकडं बघून तिनं पदर नीट केला.

"साहेब," ती म्हणाली, "माझा हयातीचा दाखला काढायचा व्हता."

हरिओमला आधी वाटलं, गंमत करायलीय. माय अशी गंमत करत नाही, हे त्याला नंतर आठवलं.

"माय, म्या हरी."

"तुमी नवीन आलाव का हितं?" ती नम्रपणे म्हणाली. "हितं माझा पोरगा बसतो. बालाजी. येईलच आता, जेवाय गेला असंल."

बालाजी तिला पक्का आठवत होता. त्याच्या कपाळावरची खोक, त्याची आवडती आंबटचुक्याची भाजी, सगळं. बाकी सगळं जात चाललं होतं आणि बालाजी तेवढा रोज ठसठशीत होत चालला होता.

तिला दुकानात येऊ द्यायचं नाही, असं ठरलं. घराच्या दाराला कडी घातली. ती मागच्या दारानं गेली. मागच्याला घातली. ती शेजारच्या गच्चीवरून उतरली. सत्तरीची बाई. हरिओमनं दुकानच बंद ठेवलं, तर बंद शटरवर तळहात टेकून उन्हात उभी असलेली सापडली. शटर तापून तवा झालेलं. हात पोळला होता. तिला पोळल्याचं आठवत नव्हतं.

घरात पंचायत बसली.

"मशीन मारायची," हरिओम म्हणाला. "बॅटरी काढून टाकायची."

"कावळ्याम्होरं दिल्याला शब्द हाय," आसाराम मामा म्हणाले. "घाटावर समद्यांनी ऐकलाय. तो मोडला तर बालाजी लटकला मधीच."

"मामा, तुमाला भूक लागली व्हती म्हनून दिला तो शब्द."

"भूक कुनाला बी लागती. शब्द तुझा."

राजेश्री चहाचे कप गोळा करत होती. ती उभ्याउभ्या म्हणाली, "शब्द यांनी दिला ना? मग पावती आत्याबाईच्या नावानं कामून फाटायलीय?"

मामांनी टोपी घातली आणि निघाले. याचा अर्थ मान्य आहे असाही होतो, नाही असाही. पालममध्ये बरेच निर्णय असेच होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगत आला. कटर, पक्कड, आणि गळ्यात आईनं बांधलेला काळा दोरा. डिप्लोमा घरी ठेवून आला होता. राजेश्री घरी कमलबाईजवळ बसली. हरिओमनं शटर अर्धं ओढलं.

सुगत मशिनच्या मागं गेला. हरिओम पुढं थांबला.

"मेलेल्या बॅटरीला काय भ्यायचं," मागून सुगतचा आवाज. कुणाला सांगत होता कोण जाणे.

फळी निघाली. पेटी उघडली. टिच्... बॅटरीचा एक पाय तुटला.

पडद्यावर काही फरक नाही. मग डावीकडचा पहिलवान थांबला. वळला. काचेकडं.

दांडी हलली. सावकाश, एका बाजूला. मग दुसऱ्या.

टक टक टक टक टक... सगळी बटणं. खेळ हिरावून घेताना पोरानं बडवावीत तशी.

हरिओमच्या पायाजवळ पाट करकरला. कुणीतरी एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घ्यावं तसा.

"सुगत, थांब..." त्याच्या तोंडून गेलं.

"थांबू?"

हरिओमनं पडद्याकडं बघितलं. त्या चेहऱ्याला आता नाकडोळे आले होते. खोक होती.

"दादा," तो म्हणाला, "माफ कर. मला माय पायजे."

मग मोठ्यानं, "तोड."

टिच्.

पडदा निळा झाला. शाळेच्या शर्टासारखा साधा निळा. दांडी सरळ झाली. गल्लीतून भंगारवाल्याची हाक ऐकू आली. ती मघापासून येतच असणार.

हरिओमनं पत्र्याला हात लावला. झिणझिण्यांनी तो मागच्या खुर्चीवर जाऊन आदळला.

तो पळत घरी गेला. कमलबाई उंबऱ्यात गवार मोडत बसली होती.

"हरी, कामून असा उन्हाचा पळायलास? चप्पल कुठंय तुजी? जेवलास का?"

तो तिथंच पायरीवर बसला आणि रडला. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, पोळलेला, पट्टी बांधलेला हात. संध्याकाळपर्यंत सगळं परत आलं. मीठ आलं. माहेर आलं. शेजारणीनं नेलेली परात कधी परत केली नाही, तेसुद्धा आलं. राजेश्रीनं देवापुढं साखर ठेवली.

दिवा लावायला कमलबाई उठली. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुढं थांबली.

"राजेश्री," तिनं विचारलं, "हे कोन गं?"

"...आत्याबाई?"

"कुनाचं पोरगं हाय? चांगलं देखणं हाय. आपल्या घरात कामून लावला फोटू?"

डॉक्टर म्हणतात, प्रकृती उत्तम आहे. या वयात एवढी स्मरणशक्ती बघायला मिळत नाही. एखादी गोष्ट मन स्वतःच पुसतं, असंही होतं म्हणतात. हरिओमनं मान हलवली.

सुगत दोन दिवसांनी आला होता. आत बसला नाही. दारातूनच कागदाची पुडी काउंटरवर ठेवली. आत ती बॅटरी होती.

"फेकायच्या आधी सहज मोजली," तो म्हणाला. "भरलीय, हऱ्या. नवी कोरी आणली तरी एवढी दाखवत न्हाई."

"परत लावली तर?"

"बोर्ड इसरला आता. लावून काय उपयोग." पायरी उतरता उतरता तो म्हणाला, "तिच्यात काय भरलंय, ते मला इचारू नगस."

मामा म्हणतात, गोदावरीत सोड. राजेश्री म्हणते, सोडू नका, आत्याबाईंचं काही आत असलं तर? हरिओम ती शर्टाच्या खिशात ठेवतो. ती कोमट लागते. उन्हाळ्यात सगळंच कोमट लागतं, असं तो स्वतःला सांगायचा.

सध्या श्रावण चालू आहे.

कमलबाई अजून डबा घेऊन दुकानात येते. मशीन तिथंच आहे, बंद. तिच्याकडं ती बघतही नाही. डबा ठेवते आणि रोज तेच विचारते, घरातल्या फोटोतला पोरगा कोण.

हरिओम रोज सांगतो. हितंच दुकान होतं त्याचं. गेम खेळायचा. लग्न केलं न्हाई. उभ्याउभ्या गेला.

ती पदरानं डोळे टिपते. परक्याचं दुःख ऐकून टिपावेत तसे.

"बिचारी त्याची माय," ती म्हणते. "कशी दिवस काढत असंल..."